बिभीषण नानाची औषधाची मांडणी

सोनईहून घोडेगावकडं जाताना रस्त्याच्या कडेला जी वस्ती लागते, तिथल्या माणसाला शिंक आली तर तो आधी बिभीषण नानाच्या घराकडं बघायचा आणि मग शिंकायचा. जमलं तर शिंकायचाच नाही. कारण शिंक ऐकू गेली की नाना पायात सापडंल ती चप्पल घालून, मग ती बायकोची, रंगुबाईची का असेना, हातात वाटी घेऊन हजर व्हायचा. वाटीत काळंभोर काहीतरी वाफाळत असायचं.

"एका दमात," नाना सांगायचा. "घोट-घोट न्हाई. घोट घेनारा मानूस दुसऱ्या घोटाला पळून जातो."

प्यायल्यावर जीभ दाखवावी लागायची. वर, खाली, डावी, उजवी. लाईटचं मीटर बघणारा पोरगेला माणूस एकदा फाटकाशी खोकला होता. त्यानंतर तो मीटरचा फोटो रस्त्यावरूनच मोबाईल मोठा करून काढायचा आणि बिल अंदाजपंचे यायचं. शेजारचं लंगडं कुत्रं नानाच्या दारावरून जाताना चारही पाय सरळ टाकायचं आणि दारापुढचा लिंब ओलांडला की पुन्हा लंगडायला लागायचं.

माणूस मात्र मनानं निर्मळ. ह्या सगळ्याचा छदाम घेतला नाही कधी. उलट कुणी औषध घेतलं की त्यालाच चहा पाजायचा.

नानाची उभी हयात दुधाच्या टेम्पोवर गेली होती. पहाटे गावोगावचे कॅन भरायचे, दुपारी रिकामे परत टाकायचे. रूट बदलला की गावं बदलायची. कधी राहात्याची बाजू, तर कधी पार नगरच्या पल्याड हिवरे बाजार. बाकीचे ड्रायव्हर थांब्यावर पत्ते कुटायचे. नाना कॅन चढवता चढवता एखाद्या म्हातारीला गाठायचा, "मावशे, तुमच्याकडं पोटात मुरडा आला म्हंजी काय देत्यात?" मावशी सांगायची, आणि वर मूठभर पदराच्या चिंधीत बांधून द्यायची. अशा पुरचुंड्या टेम्पोत साठत गेल्या. रिटायर झाल्यावर नानानं टेम्पोतनं आपलं सामान उतरवलं, तर शालीचं बोचकं एक निघालं आणि औषधाची पोती दोन.

त्याचा एक घोळ असा होता, की कुठलं औषध कशावर ते त्याला आठवायचं नाही. कुठल्या गावचं ते आठवायचं. म्हणून बरण्यांना गावांची नावं पडली. ओवा-सुंठ म्हणजे घोडेगाव. जेष्ठमध-अडुळसा म्हणजे राहाता. हिरडा, बेहडा आणि आवळकाठी म्हणजे हिवरे बाजार. "सकाळी राहाता, रातीला हिवरे बाजार, आन मधी जमलं तर घोडेगाव करून टाक," असं नाना सांगायला लागला की नवख्या माणसाला वाटायचं, एसटीचं टाईमटेबल चाललंय. सगळ्यात कडू औषध काडेचिराइताचं. ते रंगुबाईच्या माहेराहून आलेलं. त्या बरणीचं नाव सासरवाडी. तिचं झाकण उघडलं तरी घरातल्यांचे गाल आत जायचे.

ह्या साऱ्या बरण्या राहायच्या स्टीलच्या मांडणीत, आणि खरं दुखणं तिथंच होतं. कारण मांडणी राजेश्वरीची. नानाच्या सुनेची. लग्नात रुखवतावर आलेली, बाजूला नाव कोरलेलं. तिच्यात कपबश्या, ताटं, डबे लावायचे म्हणून तिच्या आईनं हौसेनं दिलेली. नानानं आधी खालचा कप्पा मागितला, "चार बरण्या ठिवतो." मग लबाड शेजारी दरसाल वीतभर बांध कोरतो, तसा नाना कप्पा-कप्पा वर सरकला. शेवटी राजेश्वरीची ताटं पाटीत गेली, कपबश्या टीव्हीच्या मागं गेल्या, आणि चहाची गाळणी रोज नव्या ठिकाणी सापडायला लागली.

ह्या वर्षी कांदा काढणी उरकली आणि एका दुपारी जेवताना राजेश्वरीनं तोंड उघडलं.

"मामा, एक विचारू का? रागावनार न्हाई ना?"

"इचार की. पित्त झालंय का?"

"पित्त न्हाई. मांडणी पायजे मला माझी. बघा ना, घरात वरीसभर कुनी शिंकलं बी न्हाई. मग येवढी औषधं कशाला?"

नाना हसला. त्याची कॉलर नव्हती, नाहीतर ताठ झाली असती. "आगं बये, शिंकलं न्हाई ते कशामुळं? ह्या मांडणीच्या धाकानं! रोग दारातनं आत डोकावतो, बरण्या बघतो आन म्हंतो, चला, हितं आपली डाळ शिजायची न्हाई."

आणि त्याला तसं मनापासून वाटतही होतं. घरावर दृष्ट लागावी अशी तब्येत होती एकेकाची. पोरगा गोरक्ष इतका कष्टाळू झालेला, की वेळ-अवेळ न बघता उठून गोठ्यात कडबाकुट्टी मशीन चालू करायचा. राजेश्वरीच्या हाताला एखाद-दोन आठवडे अशी काही चव यायची, की फोडणीच्या ठसक्यानं घर खोकायचं. रंगुबाई अलीकडं देवभक्त झाली होती. उठता-बसता "इठ्ठला, इठ्ठला" करायची. नात सुकन्या अभ्यासाला बसली की मोबाईलवर मोठ्या आवाजात गाणी लावायची, म्हणजे तिचं मन प्रसन्न होतं.

पण त्या दिवशी रंगुबाईनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि नवऱ्याला त्याच्याच शब्दात धरलं.

"बरं. रोग पळाला म्हंता ना? मग पळालेल्या चोरासाठी दारात फौज कशाला उभी करायची? उचला बरण्या, टाका गोठ्याच्या माळ्यावर."

"आन परत आला म्हंजी?"

"आला तर बघू. आमुश्यापस्तोर घरातलं एक जरी मानूस आजारी पडलं आन तुमच्या काढ्यानं बरं झालं, तर मांडणी तुमची. पोरीला मी दुसरी घिऊन दीन. न्हाई पडलं, तर आमुश्याच्या सकाळी बरण्या माळ्यावर. मंजूर?"

"मंजूर," नाना म्हणाला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला आता पेशंट पाहिजे.

गोठ्याचा माळा म्हणजे उंदरांचं माहेरघर. वर पत्रा तापायचा तो असा, की वर ठेवलेल्या मेणबत्त्या आडव्या झोपल्या होत्या. टेम्पोत जमवलेली सगळी गावं तिथं चार महिन्यांत भुसा झाली असती. नानाला घास गोड लागेना. देवघरापुढं बसल्यासारखा तो मांडणीपुढं बसायचा आणि म्हणायचा, "देवा, कुनाचं वाईट करू नको. म्हंजी लई वाईट करू नको. पन थोडंसं नाक... हलकंसं पोट..."

देव ऐकेना म्हणून नानानं स्वतः हात घातला. गोरक्ष घामाघूम होऊन शेतातून आला की नाना माठातलं गार पाणी घेऊन धावायचा, "पी बाबा, घटाघटा पी." राजेश्वरीच्या पुढ्यात चिंचा आणून ठेवायचा. रंगुबाई झोपली की हळूच पंखा पाचवर करायचा. घरातली माणसं आपापसात बोलायला लागली की नाना किती माया करतोय बाई आजकाल. फरक कुणालाच पडेना. नाना एकेकाच्या तोंडाकडं बघायचा आणि निराश होऊन म्हणायचा, "बरा हायस?"

"हो नाना."

"नक्की?"

अमावस्या तोंडावर आली तशी त्यानं बाजाराच्या दिवशी सुकन्याला सोनईला नेलं आणि बर्फाचा गोळा घेऊन दिला. पोरगी हुशार. म्हणाली, "आबा, तुमी पन खा, न्हाईतर मी न्हाई खानार." नानानं खाल्ला. तो संपला तर तिनं दुसरा मागितला आणि तीच अट घातली. काला खट्टा, मग गुलाब, मग नुसताच हिरवा, ज्याचं नाव गोळेवाल्यालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुकन्या उड्या मारत शाळेला गेली, आणि नाना अंथरुणात उठून बसला तर डोकं भोपळ्याएवढं झालेलं, डोळ्यांतून पाणी, नाकातून दोन्ही पाट वाहताहेत.

आधी तो हरखला. पेशंट सापडला! मी काय घरातला नाही का? आणि लगोलग धसकला. कारण नानाला उभ्या जन्मात सर्दी झालेली नव्हती. बिडी नाही, तंबाखू नाही, भल्या पहाटेचं वारं; तो ठणठणीत माणूस. त्यानं अख्ख्या पंचक्रोशीला काढे पाजले, पण स्वतः कधी बोटभर चाटला नव्हता. घरात कुणाचं लक्ष नाही असं बघून तो मांडणीपाशी गेला. एवढ्या सर्दीला सासरवाडीच, हे त्याचं त्यालाच माहीत होतं. त्यानं काडी काढली आणि जिभेच्या शेंड्याला नुसती टेकवली.

मग नाना बराच वेळ मोरीत उभा होता.

चूळ भरून झाल्यावर त्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळला, तोंड झाकलं, आणि बैलपोळ्याचं सामान आणायला जातो असं सांगून मोटारसायकलवर सोनईला गेला. पोळा सहा महिने लांब होता.

सोनईतलं मेडिकल मोहियोद्दीनचं. नानाचा शाळेतला वर्गबंधू. पण नाना त्याच्या दुकानाची पायरी कधी चढला नव्हता. चहाला भेटायचे ते रस्त्याच्या पलीकडं. आज नाना खांबाच्या आडून सरकत काउंटरपाशी गेला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सर्दीची गोळी द्या जरा. मेव्हन्याला पायजे."

"मेव्हना कुठं हाय?"

"घरी. झोपलाय."

"मग नाक तुझं का गळतंय, बिभ्या?"

नानानं टॉवेल खाली घेतला. मोहियोद्दीन हसता हसता खुर्चीत मागं रेलला. मग काही न विचारता त्यानं खणातून एक पट्टी काढून पुढं टाकली.

"ही घे. तुमच्या घराला हीच लागू पडती. गोरक्ष हीच नेतो."

"कोन नेतो?"

"गोरक्ष. आन खोकल्याचं पातळ औषध पन. म्हंतो, चाचा, खोकला दाबून धरतो, लईच आला तर कुट्टी मशीन चालू करतो." मोहियोद्दीनची गाडी उताराला लागली होती. "वैनी गुडघ्याचं मलम नेत्यात. बिनवासाचं दे म्हंत्यात, घरात एक नाक हाय. उठता-बसता कळ आली की देवाचं नाव घेत्यात बिचाऱ्या. आन तुझी सून! सर्दी झाली का लाल तिखटाची फोडनी टाकती, म्हंजी शिंक कुनाची ते कळत न्हाई. नातीचं तर काय सांगू, ती..."

"मोबाईलवर गानी लावती," नाना म्हणाला.

"तुला ठावं हाय?"

"न्हाई. आत्ता झालं."

मोहियोद्दीनच्या आता लक्षात आलं आपण काय केलं ते. त्यानं घाईघाईनं चहा सांगितला. "मनाला लावून घेऊ नको, दोस्त. समदी मला बजावून जात्यात, नानाला कळू देऊ नका, त्यांचं मन मोडंल. येवढा जीव कुनाचं घर लावतं?"

"आन मी दिलेला काढा?"

मोहियोद्दीन चहात बघत म्हणाला, "तुझी पाठ वळली की समदी जीभ तेवढी बुडवत्यात. मोरीमागं पपईचं झाड हाय ना तुमच्या?"

नानानं कप खाली ठेवला. ती पपई कडू का लागते, म्हणून त्यानं कृषी सहायकाला दोनदा बोलावलं होतं.

घरी येताना मोटारसायकल त्यानं मुद्दामच हळू चालवली. राग येत नव्हता, ही पंचाईत होती. हसूही येत नव्हतं. इतकी वर्षं जो तो म्हणायचा, 'बरं वाटलं हो नाना', ते बरं वाटणं सगळं मोहियोद्दीनच्या खणातलं होतं. मग आपला काढा? तो कुणाच्या पोटात कधी गेलाच नाही. म्हणजे तो लागू पडतो का, हे जगात कुणालाच माहीत नाही. पपईला माहीत असेल, पण ती सांगणार कुठं?

खिशात गोळी होती. गुपचूप घेतली असती आणि काढ्यानं बरा झालो म्हणून छाती पुढं काढली असती, तर मांडणी वाचत होती. घरातल्या सगळ्यांनी त्याच्याशी हेच केलं होतं. फाटकात गाडी लावताना तो ह्या विचारावर पोचला, आणि तिथंच त्याला शिंक आली. वस्तीवरचे पारवे उडाले.

रंगुबाई ओट्यावरून उठली. 'इठ्ठला' म्हणायचं विसरली. "राजेश्वरी! आगं भाइर ये, रोग आला घरात!"

दिवाळीला नसतील निघत तशी माणसं घरातून निघाली. गोरक्ष गोठ्यातून पळत आला. नुकत्याच शाळेतून आलेल्या सुकन्यानं दप्तर टाकलं. राजेश्वरीनं पदर खोचला आणि मोठं पातेलं चुलीवर चढवलं. "आत्या, कोनतं टाकू? राहाता?"

"राहात्यानं काय हुतंय येवढ्या सर्दीला?"

"मग सासरवाडी?"

"सासरवाडीच," रंगुबाई म्हणाली, माहेरचा अभिमान आवाजात मावेना. "दोन मुठी टाक."

"दोन?" नाना म्हणाला.

"पेशंटनं बोलायचं न्हाई. तुमीच म्हंता."

काढा उकळत होता तोवर नाना ओट्यावर बसून राहिला. मग उठला, खिशातली गोळ्यांची पट्टी काढली आणि मांडणीच्या वरच्या कप्प्यावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. घरात एकदम कुणाला काय कामं आठवली! गोरक्ष आढ्याकडं बघायला लागला. सुकन्या दप्तरात शिरली. राजेश्वरीनं ती पट्टी अशी बघितली, जशी गावच्या ओळखीची बाई परमुलखात भेटावी.

"मोहियोद्दीनकडं गेल्तो," नाना म्हणाला. "ही हितंच ऱ्हाईल. मी घेनार न्हाई."

"नाना, आमी काय..." गोरक्ष.

"तू गप. मला फकस्त एक बघायचंय. उभा जल्म मी तुमास्नी काय पाजत हुतो ते."

रंगुबाईचा चेहरा क्षणभर उतरला. तिच्या मनात आलं, राहू दे, म्हातारा बिचारा. पण वाटी भरली होती आणि असा योग जन्मात एकदाच येतो. तिनं वाटी पुढं केली.

"एका दमात."

नानानं डोळे मिटले आणि तोंडाला लावली. पहिला घोट गेला. दुसऱ्या घोटाला नाना पळाला. ओट्यावरून उतरून, गाईच्या पाठीमागून, पपईला वळसा घालून तो निघाला, आणि मागं वाटी न सांडता रंगुबाई. तिचे गुडघे त्या दिवशी एकदाही दुखले नाहीत. गोरक्षनं फाटक लावून घेतलं. राजेश्वरीनं एका बाजूनं अडवलं, सुकन्यानं दुसऱ्या बाजूनं, आणि कांद्याच्या चाळीपाशी नानाला कोंडलं.

"रंगे, उरलेला उद्या पितो. देवाशप्पत."

"घोट घेनारा पळतो, हे कोन सांगत हुतं?"

"आगं पन ह्ये औषध न्हाई, ह्यो सूड हाय! तुझ्या बापानं मुद्दाम दिलंय मला!"

"माझ्या बापाला मधी आनू नका. त्यानं पोरगी दिली तीच औषधासारकी दिली. प्या."

नाना प्यायला. शेवटच्या थेंबापर्यंत. मग कुणी न सांगता त्यानं जीभ बाहेर काढली. ती तव्याच्या बुडासारखी काळी होती. रंगुबाईनं वर करायला लावली, खाली करायला लावली, सुकन्यानं मोबाईलचा टॉर्च मारला. गोरक्ष हसून हसून खोकायला लागला आणि ह्या वेळी कुट्टी मशीन चालू करायला गेला नाही.

उरलेला दिवस नाना घोंगडीत घामानं निथळत पडला. मधूनच नाव घेऊन एकेकाची माफी मागायचा; त्यात मीटरवाला आला, कुत्रं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमावस्या. राजेश्वरीनं बरण्या भरायला पाट्या काढून ठेवल्या होत्या. तेवढ्यात नाना दारात उभा राहिला, नाकपुड्या फुलवून.

"गाय शेन टाकती आत्ताच," तो म्हणाला. "चाळीत एक कांदा सडलाय. आन कुनीतरी च्यात गवती चहा टाकलाय."

तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. गोरक्षनं गोळीची पट्टी उलटीपालटी करून बघितली. एकही फोडलेली नव्हती. राजेश्वरी तर पट्टी उजेडात धरून पुन्हा बघून आली.

"आयला," गोरक्ष म्हणाला, "म्हंजी औषध खरंच हुतं व्हय!"

नानाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सर्दीचं नव्हतं. रंगुबाईनं पाट्या उचलून गोठ्यात नेल्या. शब्दाची पक्की बाई. पण परत येऊन तिनं कंबरेवर हात ठेवले.

"मांडणी ऱ्हाईल. पन आजपास्नं एक नेम. ज्याला जे औषध द्यायचं, ते आधी तुमी त्याच्यासमोर प्यायचं. सम्दं. मग तो."

जिंकलेल्या माणसानं असल्या किरकोळ गोष्टीला नाही म्हणायचं नसतं. नाना व्हय म्हणाला.

त्या नेमानं नानाचं वैद्यक फार दयाळू झालं. चिराईत कुणाला द्यायची पाळीच येईना. खोकल्याला जेष्ठमध आणि वर खडीसाखर; डोकं दुखलं तर सुंठ-गूळ; पाय मुरगळला तरी, "हाडाला गूळ चांगला." घरातली माणसं आता उघड्यावर शिंकायची आणि वाटी पुढं करायची. कडू बरण्या एकेक करून लोकांना वाटल्या गेल्या, आणि रिकाम्या झालेल्या कप्प्यांत राजेश्वरीनं आवाज न करता कपबश्या लावल्या. गाळणीला घर मिळालं. नानाला दिसत होतं सगळं. एकदा तर त्यानंच हिवरे बाजार उचलून कडंला सारला आणि म्हणाला, "ताटं हितं मावतील."

एवढ्यात परवा संध्याकाळी पलीकडच्या वस्तीवरची बनुबाई आली. भरभक्कम बाई, बोलायला लागली की वारा थांबायचा. नेमाची खबर तिच्यापर्यंत पोचली होती.

"नाना, पोट साफ व्हईना बया. कसं दगडावानी झालंय."

"गूळ खा," नाना म्हणाला.

"गुळानंच झालंय. एरंडेल द्या."

नानानं रंगुबाईकडं बघितलं. रंगुबाई भिंतीकडं बघत होती. एरंडेलाची बाटली खाली आली.

"आधी तुमी," बनुबाई मांडी घालून बसत म्हणाली. "मला सांगितलंय समदं. मी घाईत न्हाई."

नानानं वाटीभर एरंडेल एका दमात घेतलं आणि जीभ दाखवली. बनुबाईनं ती नीट तपासली. मग आपली वाटी डब्यात ओतून घेतली, "जेवल्यावर घिईन" म्हणाली आणि गेली.

सकाळी दिवस उगवायच्या सुमाराला नाना संडासाकडं निघाला होता. ही त्याची कितवी फेरी ते त्यानं मोजायचं सोडून दिलं होतं. बांधावरून बनुबाई एरंडेलाचा डबा घेऊन हसत येत होती.

"नाना, ह्ये परत घ्या. लागलंच न्हाई बघा. घरी पोचले न पोचले तोवर आपोआपच मोकळं झालं!"

नाना थांबू शकत नव्हता. पण वैद्याचा धर्म सुटला नाही. पळता पळताच त्यानं मान वळवली आणि ओरडला, "मंग! लागू पडलं म्हना की!"